रोपं तिची, सातबारा त्यांचा

आमच्या भिशीतल्या बायकांनी यंदा ठरवलं, की जमलेले पैसे साड्यांवर आणि सहलीवर घालवायचे नाहीत. झाडं लावायची. नांदेडच्या ज्या शाळेत आमच्यापैकी निम्म्याजणींची मुलं शिकली, तिथल्या मुख्याध्यापकांनी शाळेमागची पडीक जागा द्यायचं कबूल केलं. तीनशे झाडं आणि प्रत्येक झाडाला एका आईचं नाव. कल्पना अर्थातच आमची नव्हे. ५ जून २०२४ला पंतप्रधानांनी ‘एक पेड माँ के नाम’ ही मोहीम सुरू केली, त्यानंतर शाळाशाळांमधून आईच्या नावाची रोपं लागली. त्यात आमच्या तीनशेंची भर. पण शहरातल्या नर्सरीत चौकशी केली, तर कडुलिंबाचं साधं हातभर रोप सत्तर रुपयांना. तीनशे गुणिले सत्तर, म्हणजे एकवीस हजार! आमची भिशी एवढी श्रीमंत नाही. तेव्हा कुणीतरी सुचवलं, होलसेलवाल्याकडे जा. लोह्याच्या पुढे, अहमदपूरच्या रस्त्याला एक घरची नर्सरी आहे, शहरातले नर्सरीवाले माल तिथूनच उचलतात. मात्र पाऊस पडल्यावर धावत जाऊन उपयोग नाही. होळी झाली, की बुकिंग करावं लागतं.

लातूरला बहिणीकडे जायचंच होतं. वाटेत उतरले.

तुम्ही कधी होलसेल नर्सरी पाहिली आहे? मी पाहिली नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे रंगवलेल्या कुंड्या, गुलाबाची रांग, झुळझुळ पाण्याचं कारंजं असं काहीतरी होतं. इथं रस्त्याच्या कडेला पत्र्याची एक शेड, तिच्यामागे हिरवं शेडनेट आणि त्याच्याखाली जमिनीवर ओळीनं मांडलेल्या काळ्या पिशव्या. हजारो. वीस गुंठ्यांत पाय ठेवायला वीतभर वाट सोडलेली, बाकी सगळ्या पिशव्याच. एका बाजूला मातीचा ढीग, एका बाजूला शेणखताचा, एका बाजूला वाळूचा, आणि मध्ये दहा-बारा बायका उकिडव्या बसून पिशव्या भरायलेल्या. डोक्याला रुमाल, अंगात नवऱ्याचा जुना शर्ट. पिशवीचं तोंड दुमडायचं, ओंजळीनं माती घालायची, दोनदा आपटायची, बाजूला ठेवायची. हात थांबत नाहीत आणि बोलणंही थांबत नाही. एक बाई दिवसाकाठी सात-आठशे पिशव्या भरते. आपण नर्सरीतून रोप आणतो, तेव्हा ती पिशवी कुणीतरी हातानं भरलेली असते, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

व्यवहार बोलायला समोर आल्या त्या घरच्या थोरल्या सूनबाई. पन्नाशीच्या आतबाहेर. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात शाळेच्या मुलांची असते तसली दोनशे पानी वही. ‘‘कडुलिंब किती, करंज किती, ते आधी सांगा. चिंच घ्या थोडी. शाळा हाय म्हणल्यावर लेकरं चिंचा खातील, झाड राखतील.’’ हिशेब तोंडी. एका रोपाला सरासरी अठरा रुपये, गाडीभाडं वेगळं, निम्मे पैसे आगाऊ.

त्यांच्यामागून वाफ्यांतून हिंडताना कळत गेलं, की हा धंदा म्हणजे एक भलंमोठं वेळापत्रक आहे आणि ते सगळं या बाईंच्या डोक्यात आहे. निंबोळी आषाढाच्या आसपास पिकते आणि तिच्या बीचा जीव काही आठवड्यांचाच. आज गोळा केली आणि दिवाळीत लावली, तर उगवायची नाही. म्हणून ती वेचायला पहाटे बायका पाठवायच्या आणि लगेच पिशवीत टोचायची. मला जूनमध्ये मिळणारा कडुलिंब हा गेल्या पावसाळ्यातला. चिंचेची बी टिकते, पण तिला पाण्यात भिजवावं लागतं. मिरचीची, टोमॅटोची रोपं ट्रेमध्ये, कोकोपीटवर, आणि ती महिना-सव्वा महिन्यात शेतकऱ्यानं उचलली नाहीत तर फेकायची. सीताफळाला वर्षभर आधी साधं बी लावून खुंट तयार करायचा आणि झाडाची पानगळ झाली, की या दिवसांत त्यावर कलम बांधायचं. सीताफळ आपल्या मराठवाड्याचं. बालाघाटच्या डोंगरात ते आपलं आपण येतं, अंबाजोगाईला त्याचं संशोधन केंद्र आहे, बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. पण जंगली बीपासून आलेलं झाड कसं निघेल याचा भरवसा नसतो. भरवसा पाहिजे, तर कलम पाहिजे.

पुढच्या बाजूला मात्र, रस्त्यावरून दिसतील अशी, उंच पाम आणि शोभेची झाडं ओळीनं उभी होती. ‘‘ही आमची नव्हंत. ही कडियमची.’’ कडियम म्हणजे आंध्रात, राजमुंद्रीजवळचं नर्सऱ्यांचं गाव. देशभर तिथून ट्रक जातात. गंमत बघा, आपल्या नांदेडच्या घाटावरून जी गोदावरी वाहते, तीच पुढे राजमुंद्रीला जाते. तिकडे तिच्या काठावर पाणी आणि गाळ दोन्ही मुबलक, म्हणून तिथे मोठाली झाडं तयार होतात आणि ट्रकमध्ये बसून नदीच्या उलट दिशेनं आपल्याकडे येतात. २०२५च्या शेवटी नाशिकच्या तपोवनातली झाडं कुंभमेळ्यासाठी तोडण्यावरून वाद पेटला, तेव्हा त्याच्या बदल्यात लावायची झाडं आणली गेली तीही राजमुंद्रीहूनच. थोरल्या बाईंचं यावर म्हणणं असं, की मोठं झाड फोटोपुरतं बरं, मुळं तुटलेली असतात, जगलं तर जगलं. आपल्या मातीत रुजलेलं दोन फुटी रोप तीन वर्षांत त्याला गाठतं. दुकानदाराचं बोलणं म्हणून थोडं सोडून द्या, पण मला पटलं.

ही नर्सरी सुरू केली ती त्यांच्या सासऱ्यांनी. १९९०पासून राज्य सरकारनं रोजगार हमीच्या पैशातून शेतकऱ्यांना फळबाग लावून द्यायला सुरुवात केली, तेव्हा कलमांना एकदम मागणी आली आणि माळरानावर ज्वारी पेरणाऱ्या या माणसानं डोकं चालवलं. फळझाडांच्या रोपवाटिकेला परवाना लागतो, १९६९पासूनचा कायदा आहे तसा. शेडमध्ये देवाच्या तसबिरीशेजारी तो परवाना चौकटीत लावलेला. त्यावर सासऱ्यांचं नाव. सातबारावर सासरे आणि दोन मुलगे. बँकेचं खातं थोरल्या मुलाचं. गल्ल्याजवळ पैसे घ्यायला स्कॅनर ठेवलाय, तोही त्याच खात्याचा. दिवसभर तिथं बसते बाई, पैसे जातात त्यांच्याकडे. पैसे जमा झाल्याचं सांगणारा त्या डबीतला आवाज तेवढा बाईचा!

मी हे हसत म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

मग चहा झाला आणि २०२०ची गोष्ट निघाली. कलम बांधणं हे या धंद्यातलं कसबाचं काम, आणि ते पुरुषांचं. दरसाल उत्तर प्रदेशातून तिघे-चौघे कारागीर यायचे, एका कलमामागे ठरलेले पैसे घ्यायचे आणि दोन महिने राहून जायचे. पिशव्या भरणाऱ्या बाईला दिवसाचे तीनशे, गड्याला पाचशे आणि कलमवाल्याला बसल्या जागी हजार-बाराशे. बायकांनी कलमाला हात लावायचा नाही, असं सासऱ्यांचं मत. अडचणीच्या चार दिवसांचं कारण. पूर्वी पानमळ्यात बायकांना जाऊ देत नसत, तसलंच ते. गंमत अशी, की त्याच बाईनं त्याच चार दिवसांत त्याच रोपांना पाणी घातलेलं चालतं, तण काढलेलं चालतं, डोक्यावरून वाहून ट्रकमध्ये भरलेलं चालतं.

त्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि कारागीर निम्म्यात काम टाकून गावाकडे निघून गेले. खुंट तयार, मातृवृक्षावर काड्या तयार आणि हंगाम हातचा चाललेला. ‘‘वीस वर्सं त्यायच्या बाजूला बसून पट्ट्या कापून देत होते मी. डोळे काय मिटून बसले होते?’’ त्यांनी ब्लेड घेतलं. खुंट वीतभर ठेवून छाटायचा, मधोमध चीर द्यायची, काडीला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, साल सालीला भिडवून बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट आवळायची. आत हवा राहिली किंवा पाणी गेलं, की संपलं. पहिल्या शंभरात चाळीस लागली. पुढच्या शंभरात सत्तर. त्या साली त्यांनी पाच हजारांवर कलमं बांधली. सासऱ्यांनी पुन्हा चार दिवसांचं नाव काढलं नाही.

मी विचारलं, मग त्या पाच हजारांचे पैसे? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. ‘‘घरच्या माणसाला कुठं पैसे असतेत व्हय?’’

हे वाक्य आपण सगळ्याच जणी ऐकत, म्हणत आलो आहोत. नोकरी करणारीच्या स्वयंपाकालाही हेच लागू आणि दुकानात बसणाऱ्या वाण्याच्या बायकोलाही. पण शेतीत ते फार महाग पडतं, कारण शेतीत सगळं काही कागदावर चालतं. केंद्र सरकारच्या २०२३-२४च्या श्रमबल पाहणीप्रमाणे ग्रामीण भागात काम करणाऱ्या बायकांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त बायका शेतीत आहेत. आणि २०१५-१६च्या कृषिगणनेत देशातल्या शंभर खातेदारांमध्ये बायका किती, तर साधारण चौदा. उरलेल्या बायका शेतात आहेत, कागदात नाहीत. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं, त्याबद्दल भाषणं पुष्कळ होतात. लोह्याच्या पुढच्या या शेडमध्ये त्याचा पत्ता नव्हता.

कागदात नसणं म्हणजे नेमकं काय, ते धाकट्या जाऊबाईंनी सांगितलं. या लातूरच्या कृषी महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या.  ट्रेमधल्या भाजीपाल्याच्या रोपांचा विभाग त्यांनीच सुरू केला. कोणत्या रोपावर कसला करपा आहे, हे विचारायला शेतकरी त्यांचा फोन मागतात. नवऱ्याचा नाही. २०२०-२१मध्ये राज्य सरकारनं भाजीपाला रोपवाटिकांसाठी अनुदानाची योजना आणली. नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं, निम्मा खर्च सरकारचा आणि निवडीत पहिलं प्राधान्य कुणाला, तर कृषी पदवीधर महिलेला! जणू बाईंना डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलेली योजना. खाली निकष होता, अर्जदाराच्या स्वतःच्या मालकीची किमान ०.४० हेक्टर, म्हणजे एक एकर जमीन. ‘‘प्राधान्य मला, जमीन ह्यांना,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पदवी माझ्या नावावर हाय ताई, पण पदवीत रोप लावता येत नाही.’’

नवऱ्यानं एक एकर त्यांच्या नावावर केलं असतं, तर? सासरे नको म्हणाले. ते काही दुष्ट गृहस्थ नव्हेत. माझ्याशी फार आदबीनं बोलले, दोन लिंबाची रोपं मोफत दिली. त्यांचं म्हणणं एवढंच, की नाव लावलं काय आणि न लावलं काय, घर तर एकच आहे. एकीचं लावलं, तर दुसरी रुसेल. आणि कागद वेगळे झाले, की घर वेगळं होतं. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात जा, हेच उत्तर याच शब्दांत मिळेल.

मला मात्र तिथं बसल्याबसल्या शरद जोशींची आठवण झाली. शेतकरी संघटनेनं १९८६ला चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. शेतकऱ्यानं राजीखुशीनं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावानं करून द्यायचा, कारण जन्मभर राबणाऱ्या घरच्या लक्ष्मीचं देणं आधी फेडलं पाहिजे, असा तो विचार होता. गावंच्या गावं त्यात उतरली. १९९२ला राज्य सरकारनंही परिपत्रक काढून, नवऱ्यानं अर्ज केला तर सातबारावर बायकोचं नाव लावायची वाट करून दिली. म्हणजे तीस वर्षांपेक्षा जास्त काळ ही सोय आहे. तलाठ्याकडे जाऊन अर्ज द्यायचा. दुसरीकडे, १ मे २०१४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या कागदपत्रांत आईचं नाव लावणं आपल्या सरकारनं २०२४पासून सक्तीचं केलं. चांगलंच केलं. मुलाच्या नावात आई आली, झाडाच्या पाटीवर आई आली. जमिनीच्या उताऱ्यावर यायला तिला इतका उशीर का लागावा?

‘घर तर एकच आहे’ या वाक्याची परीक्षा २०२५च्या पावसात झाली. त्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस होऊन हसनाळसारख्या गावांत माणसं गेली, आणि सप्टेंबरमध्ये तर अख्खा मराठवाडाच पाण्याखाली आला. या नर्सरीच्या मागून एक ओढा जातो. एरवी त्यात शेळ्या चरतात. त्या रात्री तो शेडनेटमध्ये घुसला. सकाळी पाहतात तो मागचे सगळे वाफे आडवे, पिशव्या शेजारच्या सोयाबीनमध्ये वाहून गेलेल्या आणि उरलेल्या रोपांच्या बुडात पाणी. चाळीस हजारांच्या आसपास पिशव्या गेल्या.

पंचनामा झाला. आता पंचनाम्याची रीत अशी, की तो क्षेत्राचा होतो. बागायत पिकाला तेव्हाचा दर हेक्टरी १७ हजार रुपये. सोयाबीनला, उसाला ही रीत चालून जाते. पण नर्सरी म्हणजे शेत नव्हे, तो जमिनीवर मांडलेला माल आहे. वीस गुंठे म्हणजे पाचवा हिस्सा हेक्टर. करा गणित. ३,४०० रुपये. सरकारनं ऑक्टोबरमध्ये ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात हेक्टरी आणखी काही मिळायचं होतं, तरी हेक्टर तेवढंच राहतं. ‘‘एवढ्यात रिकाम्या पिशव्यासुदिक येत नाहीत,’’ थोरल्या बाई म्हणाल्या. त्यांनी वही काढून दाखवली. कोणत्या वाफ्यात काय होतं, किती होतं, कधी लावलं, कुणाची आगाऊ रक्कम घेतली होती, सगळं तारीखवार. पंचनाम्याला आलेल्या माणसांना त्या ही वही दाखवायला गेल्या, तर मालकांना बोलवा, असं उत्तर मिळालं. मालक म्हणजे त्यांचे यजमान, ते मालाच्या गाडीबरोबर परभणीला गेले होते. सासरे आले आणि त्यांनी सांगितलं, वीस गुंठे. त्यांना वाफ्यांचा हिशेब ठाऊकच नव्हता.

त्या चाळीस हजार पिशव्यांची वही कुणी वाचली असती, तरी कायद्याच्या चौकटीत फार जास्त रुपये मिळाले असते, असं मी म्हणत नाही. दरच तसे आहेत. रोपवाटिकांसाठी नुकसानीचं वेगळं मोजमाप हवं, रोपांच्या संख्येवर आणि वयावर. ही मागणी कुणीतरी लावून धरायला हवी. पण मागणी करणार कोण? ज्यांच्या नावावर नर्सरी आहे त्यांना वाफे माहीत नाहीत, आणि ज्यांना वाफे माहीत आहेत त्या अर्जदारच नाहीत.

दुष्काळाचंही असंच. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते तुम्हाला आठवत असेल. ती गाडी सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिली. त्याच उन्हाळ्यात इथली विहीर आटली होती. पिशवीतल्या रोपाला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं, दोन दिवस चुकले की राख. रोपं सोडून दिली, पण मातृवृक्ष, म्हणजे ज्यांच्यावरून कलमासाठी काड्या घेतात ती जुनी झाडं, गेली असती तर धंदाच संपला असता. या जावांनी आणि त्यांच्या नणंदेनं आंघोळीचं, भांड्यांचं पाणी बादल्यांनी वाहून ती चौदा झाडं जगवली. आजची सगळी सीताफळाची कलमं त्या चौदा झाडांची लेकरं आहेत. यातलं कशाचंच नाव परवान्यावर येत नाही, यायची सोयही नाही.

नणंदेचा उल्लेख आला. त्या दुपारभर मातीच्या ढिगापाशी मजूर बायकांबरोबरच बसल्या होत्या, म्हणून मला आधी त्या घरच्या आहेत हे कळलंही नाही. नवरा गेल्यावर माहेरी आलेल्या. वडिलांच्या जमिनीत मुलीला जन्मानंच मुलाइतका हक्क. महाराष्ट्रात १९९४ला, देशात २००५ला तसा कायदा झाला. वडील २००५ला हयात असोत वा नसोत, हक्क आहेच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२०च्या ऑगस्टमध्ये सांगून टाकलं. पण नणंदबाईंनी लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच हक्कसोड पत्रावर सही केली होती. भाऊ गाडी घेऊन न्यायला आले, तहसीलला नेलं, येताना साडी घेतली. का केलीत सही, असं विचारण्यात अर्थ नव्हता. सही केली नसती तर नवरा गेल्यावर याच घराचं दार उघडं राहिलं असतं का, याची त्यांना खात्री नसणार. आपल्या ओळखीत अशा किती जणी आहेत, मोजून बघा.

आणि आता खरी गोष्ट. रस्ता रुंद झाला, तशी रस्त्याकडेच्या जमिनीची किंमत चढली. पुढच्या वीस गुंठ्यांना, म्हणजे जिथं शेड आणि शेडनेट आहे नेमक्या त्याच तुकड्याला, गिऱ्हाईक आलं आहे. धाकट्या दिरांच्या मनात आहे द्यावी, पैसे वाटून घ्यावेत आणि लातूरला काहीतरी करावं. नर्सरी मागच्या रानात नेता येईल, असं ते म्हणतात. मागच्या रानात ओढा आहे, रस्ता नाही, गिऱ्हाईक आत येणार नाही आणि ती चौदा झाडं पुढच्याच तुकड्यात आहेत. थोरल्या बाईंनी हे सगळं मला रडगाणं म्हणून सांगितलं नाही. दर सांगावेत तसं सांगितलं. ‘‘विकायचं म्हणलं तर सही तिघांची लागते. तिघींची लागत न्हाई.’’

मी दोघी जावांना म्हटलं, निदान आता तरी अर्ज करा. लक्ष्मीमुक्तीचा करा, नावं लावून घ्या. परवान्यावर नाव बदलता येतं का, ते कृषी खात्यात विचारा. धाकटीनं मान हलवली. तिनं घरात विषय काढलेला आहे, दोन महिने अबोला सोसलेला आहे. थोरली मात्र वेगळंच बोलली. ती म्हणाली, जमीन मिळेल तेव्हा मिळेल, हातातलं तर कुणी विकू शकत नाही. पिशव्या भरणाऱ्यांतल्या दोघीतिघींना ती दुपारच्या सुटीत कलम शिकवते. फाटक्या काड्यांवर, फुकट जाणाऱ्या खुंटावर. त्यातली एक आता शंभरात साठ लावते. पुढच्या हंगामात कारागिरांऐवजी या बायका बसवायच्या आणि त्यांना कलमामागे तेवढेच पैसे द्यायचे, हे तिनं ठरवून टाकलंय. सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही. नांदेड जिल्ह्यात सगरोळीला कृषी विज्ञान केंद्र आहे, लातूरलाही आहे. कलमाचं रीतसर प्रशिक्षण आणि हातात प्रमाणपत्र अशा बायकांना मिळालं, तर तीनशेच्या हजेरीतून त्या सुटतील. जमिनीच्या कागदापेक्षा तो कागद लवकर मिळण्यासारखा आहे, एवढं मलाही कळलं.

झाडांच्या मोहिमा आपल्याकडे काही कमी झाल्या नाहीत. १ जुलै २०१६ला राज्यानं दोन कोटी झाडांचा संकल्प केला, २०१९ला तो तेहतीस कोटींवर गेला, पुढे त्या लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमायची वेळ आली. लातूर जिल्ह्यात आजही जंगल एक टक्क्याहून कमी. खड्डे किती खणले, रोपं किती लावली, जगली किती, हे आकडे आपण विचारतो, विचारायलाच हवेत. त्या कोट्यवधी पिशव्या भरल्या कुणी आणि त्यांना काय मिळालं, हा आकडा मी तरी कुठं छापलेला पाहिला नाही. आम्हीही आमच्या तीनशे पाट्यांचा फार विचार केला. रंग कोणता, अक्षर कुणाचं चांगलं. येताना मी भिशीच्या बायकांना फोन केला आणि सांगितलं, पाट्यांचं नंतर बघू, आधी प्रत्येकीनं आपापल्या घरचा उतारा काढून बघा. फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग एकजण म्हणाली, ‘‘अगं, आमचा फ्लॅटसुद्धा ह्यांच्याच नावावर आहे.’’

निघताना अडीच हजार रुपये आगाऊ दिले. रोख, मुद्दाम त्यांच्या हातात. त्यांनी पावतीपुस्तक काढलं. वर नर्सरीचं नाव, खाली ‘प्रोप्रायटर’ म्हणून सासऱ्यांचं नाव छापलेलं. त्यांनी तारीख घातली. कडुलिंब १२०, करंज ८०, चिंच ६०, सीताफळ कलम ४०, जूनचा दुसरा आठवडा, असं सगळं वळणदार अक्षरात लिहिलं. मग प्रोप्रायटरच्या नावापुढे थोडी जागा होती, तिथं ‘करिता’ असं लिहून त्यांनी सही केली आणि पावती फाडून माझ्या हातात दिली.